रशियाला जाण्याचं खरं कारण

आई,

तू मला एकदाच विचारलं होतंस की डॉक्टर व्हायला मी एवढ्या लांब कशाला चालले आहे, आणि मी तुला खोटं उत्तर दिलं होतं. ते खोटं आहे हे तुला तेव्हाच कळलं असावं, कारण तू पुढे काही विचारलं नाहीस. गॅस बारीक केलास आणि मला पानं घ्यायला सांगितलंस. तू गेलीस त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याच्या पुढे आता माझं वय गेलं आहे. खरं उत्तर द्यायला आता हरकत नसावी, असं आज रविवारची दुपार मोकळी मिळाल्यावर वाटलं, म्हणून लिहायला बसले आहे.

आपण कोथरूडला राहायला आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबांना पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून अमरावती सुटली, आणि तू तिथल्या सरकारी दवाखान्यातलं काम सोडून सदाशिव पेठेतल्या त्या दहा खाटांच्या प्रसूतिगृहात सिस्टर म्हणून लागलीस. खाली वह्या-पुस्तकांचं दुकान, पहिल्या मजल्यावर प्रसूतिगृह आणि वरच्या मजल्यावर मॅडमचं घर. मॅडम म्हणजे तिथल्या डॉक्टर. तू त्यांना कधी दुसरं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. त्या खोलीत आल्या की तू हातातलं काम ठेवून उठून उभी राहायचीस. त्यांचे यजमान परगावच्या कॉलेजात शिकवायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. एरवी घरात मॅडम आणि त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्याच वयाची. तिची शाळा दोन गल्ल्या सोडून होती, ती साडेबाराला घरी यायची, त्या वेळी मॅडमची ओपीडी भरलेली असायची, आणि मग तिला जेवायला घालायचं काम, कोणी सांगितलेलं नसताना, तुझ्याकडे आलं. त्याच वेळी मी कोथरूडला शेजारच्या काकूंकडून किल्ली घेऊन दार उघडायची आणि ताटाखाली झाकून ठेवलेली पोळीभाजी खायची. पोळी गार असायची एवढंच. उपाशी मी कधी राहिले नाही, हे तुझ्या बाजूनं सांगायला हवं.

शनिवारी माझी सकाळची शाळा. चौथीत असल्यापासून काकू मला बसमध्ये बसवून द्यायच्या, कंडक्टरला सांगून ठेवायच्या, आणि तू पांढऱ्या साडीवर शाल घेऊन स्टॉपवर उभी असायचीस. त्यातला एक शनिवार मला अजून जशाच्या तसा दिसतो. प्रसूतिगृहाच्या मागच्या बाजूला अवजारं उकळायची छोटी खोली आहे, तिथे स्टोव्हशेजारी तू खाली बसली आहेस, समोर ती, आणि मध्ये तुझा डबा. डब्यात गोळाभात आहे. आपल्या घरचा, अमरावतीचा, बेसनाचे गोळे घालून वरून लसणाची फोडणी दिलेला गोळाभात, जो तू घरी पाहुणे आल्याशिवाय करत नसायचीस. ती मांडी घालून मन लावून जेवते आहे आणि म्हणते आहे, "मावशी, नको वाढू आता, पोट फुटून राहिलं माझं." सदाशिव पेठेतली, डॉक्टरांची मुलगी, तुझ्या माहेरच्या बोलीत बोलते आहे. आणि तू हसतेस, आणि तिला म्हणतेस, "खाय नं पोरी, कायले लाजून राहिली?" मी दारात दप्तर घेऊन उभी आहे. तो आवाज मी आजोळी गेल्यावर ऐकायची, तू तुझ्या बहिणींशी बोलताना. पुण्यातल्या आपल्या दोन खोल्यांत तो कधी ऐकू यायचा नाही. तू मला पाहिलंस आणि लगेच नीट, पुण्याच्या मराठीत म्हणालीस, "आलीस? हात धुऊन घे, तुझ्यासाठी ठेवलंय."

त्या संध्याकाळी घरी मी मुद्दाम म्हटलं, "आई, मले भूक लागून राहिली." तू पोळ्या लाटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "नीट बोल. शाळेत हसतील तुला." नोकरीच्या पहिल्या दिवसांत तिथली एक बाळंतीण आणि तिच्या सासरची माणसं तुझ्या बोलण्याला हसली होती, तू महिनाभर गरजेपुरतंच बोलत होतीस, हे बाबांनी मला फार उशिरा सांगितलं. तुला मला त्यातून वाचवायचं होतं. हे आज समजतं. तेव्हा एवढंच समजलं की जे तिला फुकट मिळतं आहे, ते मला मागूनही मिळत नाही. ती तुला 'मावशी' म्हणायची आणि अगं-तुगं करायची. तू तिला नावानं हाक मारत नव्हतीस, 'पोरी' म्हणायचीस. मला मात्र माझ्या पूर्ण नावानं, हजेरी घेतल्यासारखी.

तिचा राग यावा असं ती काही वागत नव्हती, हीच अडचण होती. वाईट असती तर बरं झालं असतं. तिच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून तिनं मला चित्रकलेची वही शिवून दिली होती. तिला आखूड झालेले फ्रॉक तू घरी आणायचीस ते इस्त्री केलेले असायचे, आणि बाईकडून नव्हे, तिनं स्वतः केलेली इस्त्री. मी ते फ्रॉक घालायची नाही. घट्ट होतात म्हणायची. तू एकदा त्यातला एक माझ्या अंगाला लावून पाहिलास, अगदी बरोबर बसत होता, आणि माझ्याकडे नुसतं बघितलंस. ते बघणं मला थपडेपेक्षा जास्त लागलं.

बारावीला आम्ही दोघीही सायन्सला. ती नामांकित कॉलेजात, मी कोथरूडच्या. दोघींचाही ग्रुप तोच, फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी; तिनं गणितही ठेवलं होतं. मी सायन्स घेतलं ते ती घेणार होती म्हणून. निकालाच्या दिवशी मी मार्कशीट आणली आणि फ्रीजवर ठेवून दिली. बाबा दुसऱ्या पाळीला गेले होते. मार्क वाईट नव्हते, पण मेडिकलला लागणाऱ्या मार्कांपासून फार लांब होते. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून तुझी वाट बघत बसले. तू मला काय म्हणशील याची तालीम करत होते. रागावशील, किंवा जवळ घेशील, किंवा म्हणशील की पुढच्या वर्षी पुन्हा बस. तुझी सुटीची वेळ चारची. दिवेलागण झाली तेव्हा तू आलीस. चप्पल काढता काढता म्हणालीस, "मॅडम दिवसभर जेवल्या नाहीत."

झालं असं होतं की तिला मार्क भरपूर पडले होते, पुण्यातच मेडिकलची सीट मिळणार हे नक्की होतं, आणि तिनं मॅडमना सांगितलं होतं की मी डॉक्टर होणार नाही, मी कॉम्प्युटरला जाणार. त्या वेळी पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता. कर्वे रोडवर दर चार इमारतींनंतर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती, आणि कोणाचा ना कोणाचा मुलगा अमेरिकेत प्रोग्रॅमर झाल्याची बातमी दर आठवड्याला सोसायटीत फिरायची. मॅडमनी तपासणीची खोली आतून लावून घेतली होती, आणि तू पूर्ण दुपार त्यांच्याजवळ बसून होतीस. "एवढी हुशार पोरगी," तू पाय धुताना म्हणालीस, "आणि हातातली सीट सोडते." मग कुकर लावलास. जेवताना फ्रीजकडे तुझं लक्ष गेलं. मार्कशीट दोन्ही बाजूंनी पाहिलीस. "बरे आहेत," म्हणालीस. "बी.एस्सी.ला मिळेल." तू वाईट हेतूनं म्हणाली नाहीस. तू दमली होतीस. माझ्या दिवसाच्या वाट्याला तुझी तेवढीच दोन वाक्यं आली, बाकी सगळा दिवस तिच्या आईनं वापरला होता.

खरं उत्तर इथे सुरू होतं, आई. मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. मला लहानपणापासून रक्त बघवत नव्हतं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार. माझं गुडघ्याचं खरचटलेलंसुद्धा मी डोळे मिटून धुवायची. पण ती जे सोडून देत होती ते मला हवं झालं. ती नको म्हणते आहे तेवढ्यात मी तिथे जाऊन बसावं, आणि एक दिवस एप्रन घालून तुझ्यासमोर यावं, आणि तू हातातलं काम ठेवून उठून उभं राहावंस, असं माझ्या डोक्यात बसलं. एवढीच इच्छा होती. कोणाची सेवा नाही, आवड नाही, काही नाही.

रशियाची जाहिरात मला पेपरात दिसली. डेक्कनजवळच्या एका कार्यालयात, जिथे एरवी लग्नं लागतात, तिथे टाय घातलेले एक गृहस्थ पडद्यावर बर्फाचे आणि मोठमोठ्या खांबांच्या इमारतींचे फोटो दाखवत होते. पालकांचे प्रश्न मुख्यतः शाकाहारी जेवण मिळेल का याबद्दल होते. मी बाबांना घेऊन गेले होते. तुला ड्यूटी होती. पैशांचं पुढे कसं जमलं ते तुला आणि बाबांना माहीत, त्याबद्दल इथे लिहीत नाही. फॉर्मबरोबर एक कोरं पान होतं. परदेशात जाऊन वैद्यकीय शिक्षण घेण्यामागची तुमची प्रेरणा इंग्रजीत लिहा, अशी वर ओळ होती. मी ते पान दोन दिवस खपून लिहिलं. माझे आजोबा खेड्यात राहत होते, एके दिवशी त्यांच्या छातीत दुखू लागलं, जवळ डॉक्टर नव्हता, तालुक्याला नेताना बैलगाडीतच त्यांनी प्राण सोडला, आणि त्या क्षणी त्यांच्या नातीनं डॉक्टर होण्याचा निश्चय केला, असं सगळं त्यात होतं.

ते पान ओट्यावर राहिलं आणि तू वाचलंस. तू इंग्रजी सावकाश वाचायचीस, एकेका शब्दाखाली बोट धरून, औषधाच्या बाटलीवरचं वाचल्यासारखं. वाचून झाल्यावर म्हणालीस, "माझ्या बापाला तू बैलगाडीत मारलंस? ते अमरावतीला घरच्या पलंगावर गेले. चहा पिऊन. हायस्कुलाचे मास्तर होते, बैलगाडीत बसायचे सुद्धा नाहीत." मला वाटलं तू हसशील. पण तू पान खाली ठेवलंस, पदराला हात पुसलेस, आणि माझ्याकडे बघून विचारलंस, "खरं सांग नं पोरी. कायले जाऊन राहिली तू इतक्या दूर?"

तुला कळलंसुद्धा नसेल तू कुठल्या भाषेत विचारलंस. मला कळलं. आठ-नऊ वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते माझ्यासमोर आपल्या स्वयंपाकघरात, कुकरच्या वाफेत उभं होतं. मी तेव्हा खरं सांगितलं असतं तर कदाचित गेलेच नसते. मी म्हटलं असतं, तिच्यासाठी गोळाभात का केलास, माझ्यासाठी का नाही, आणि तू मला वेडी म्हटलं असतंस, आणि सगळं तिथेच संपलं असतं. पण मी शुद्ध, पुस्तकी मराठीत म्हणाले, "मला लोकांची सेवा करायची आहे." तू गॅस बारीक केलास आणि पुन्हा तुझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालीस, "पानं घे."

लांब जाण्याचं आणखी एक कारण होतं. इथे मार्क कमी पडत होते हे तर खरंच, पण रशियाच्या नावानं मला जो आनंद झाला तो त्या मार्कांमुळे नव्हता. मी लांब गेले की तू माझी वाट बघशील असं मला वाटलं. पोस्टमनला विचारशील, माझ्या पत्राची जागा ठरवशील. तिची वाट तुला कधी बघावी लागली नव्हती. ती रोज साडेबाराला येतच होती.

आता त्या शिफारसपत्राचं सांगते, ते तुला कधीच कळलं नाही. कोणा डॉक्टरचं पत्र जोडायचं होतं. तू मॅडमना विचारलंस, त्यांनी लगेच लिहून दिलं, पाकीट चिकटवून. तू ते माझ्या हातात देताना तुझा चेहरा उजळला होता. मी दुसऱ्या दिवशी घरी कोणी नसताना चहाच्या आधणावर ते पाकीट धरलं आणि उघडलं. मॅडमनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. या मुलीला मी फारशी ओळखत नाही, ती चांगली डॉक्टर होईल की नाही हे सांगू शकत नाही, पण तिच्या आईबरोबर मी कितीतरी वर्षं काम केलं आहे; अडलेल्या बाळंतपणात त्या बाईंचा हात पोटावर पडला की बाळंतिणीचं ओरडणं थांबतं; मी त्यांच्याकडून जे शिकले ते मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं; अशा बाईच्या मुलीला संधी नाकारू नये. मी ते दोनदा वाचलं. कोणाही दुसऱ्या मुलीला रडू आलं असतं. मला हेवा वाटला, आणि त्या वेळी तो तुझा वाटला. माझ्या स्वतःच्या अर्जातही मी नव्हते, तूच होतीस. मी ते पत्र बारीक फाडून केराच्या डब्यातल्या भाजीच्या देठांखाली टाकलं, आणि आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून तीन ओळी लिहून आणल्या. तू मॅडमना पेढे दिलेस. त्या पत्रामुळेच प्रवेश मिळाला, असं तू बाबांना शेवटपर्यंत सांगत होतीस.

तिथल्या वर्षांबद्दल मी तुला लिहायचीच, म्हणजे परीक्षा, थंडी आणि बटाटे. पहिल्या आठवड्यात शवागारात मी दोनदा चक्कर येऊन पडले हे लिहिलं नव्हतं. भाषा येत नव्हती, प्रोफेसर काय म्हणतात ते ओठांवरून ओळखायची. तुझी पत्रं यायची, आणि मी ती खोलीतल्या हीटरजवळ बसून वाचायची. पहिल्या चार ओळी माझ्यासाठी: स्वेटर घाल, दूध पी, बाबा बरे आहेत. मग तुझा हात सैल सुटायचा. पोरगी इंजिनियर झाली. पोरगीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, ऑफिसात एसी आहे. पोरगीनं पहिल्या पगारात मला साडी घेतली, मोरपंखी, मी नको म्हणत होते. मॅडमचा राग गेला हो. मी ती पत्रं उशीखाली ठेवत नव्हते, खोलीतल्या इतर मुली ठेवायच्या. मी वाचून झाल्यावर पुस्तकात घालायची आणि उत्तरात फक्त माझे ग्रेड लिहायची.

तिथल्या प्रसूतीच्या वॉर्डात एक म्हातारी सुईण होती. ठेंगणी, जाड, चष्म्याला दोरी बांधलेली. प्रोफेसर वॉर्डात आले तरी ती खुर्चीतून उठायची नाही. चहा पीत बसून राहायची, आणि प्रोफेसरच आधी तिला नमस्कार करून विचारायचे की आज कोणाकडे बघायचं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला तिचा हेवा वाटला, आई, तुझ्या वतीनं. पाच हजार किलोमीटरवर तू त्याच वेळी कोणासाठी तरी उठून उभी राहत असशील. मी तुला हे कळवायला हवं होतं. पत्र लिहायला घेतलंही, पण मग त्यात मला तुझ्याबद्दल काय वाटतं ते लिहावं लागलं असतं.

पाचव्या वर्षाच्या परीक्षा तोंडावर असताना बाबांचा बूथवरून फोन आला. आईला जरा कावीळ झाली आहे, म्हणाले, काळजी करू नकोस, मॅडम बघताहेत. मी डोळ्यांत पिवळेपणा किती आहे विचारलं, खाज सुटते का, वजन उतरलं का. बाबांना काही सांगता येईना. त्यांना तू शपथ घातली होतीस, हे नंतर कळलं. ती साधी कावीळ नव्हती, स्वादुपिंडातली गाठ होती, आणि मॅडमना ते पहिल्याच तपासणीत समजलं होतं. मी दुसऱ्या फोननंतर परीक्षा सोडून निघाले. मॉस्को, मुंबई, मग टॅक्सी. कोथरूडला पोचले तेव्हा तुला जाऊन दोन दिवस झाले होते.

दार तिनं उघडलं. तिनं कंपनीतून रजा घेतली होती, शेवटचे बारा दिवस ती दवाखान्यात तुझ्या उशाशी होती. तुला पुसून घेत होती, कपडे बदलत होती. मॅडम सकाळ-संध्याकाळ येत होत्या. बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपले होते. तिनं मला बसवलं आणि चहा टाकला. आपल्या स्वयंपाकघरात तिनं साखरेचा डबा न शोधता काढला, आलं कुठल्या टोपलीत असतं ते तिला ठाऊक होतं. मला, पाच वर्षांनी आलेलीला, ठाऊक नव्हतं. तू सगळं हलवून ठेवलं होतंस. कप माझ्या हातात देऊन ती समोर बसली. तिचे डोळे सुजले होते. मी सांत्वनाचा एक शब्द बोलले नाही, तिच्याशीही नाही आणि बाबांशीही नाही. मी विचारलं ते हे, की शेवटी आई काय बोलली.

"शेवटचे दोन दिवस मावशी वऱ्हाडीतच बोलत होती," ती म्हणाली. "मधूनमधून. सारखं एकच विचारत होती. पोरगी जेवली का? पोरगी जेवली का? तुझंच विचारत होती."

"माझं नाव घेतलं?"

तिला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून. "नाही. पोरगी म्हणाली."

"पोरगी ती तुला म्हणायची."

"हो," ती म्हणाली. "पण मी तिच्या समोरच बसले होते गं. हात हातात होता. मला असं कशाला विचारेल?"

तिनं ते मला देऊन टाकलं होतं. तिच्या जागी मी असते तर दिलं नसतं. आणि ते घेता येत होतं, त्यात खोट नव्हती: जी समोर बसली आहे तिच्याबद्दल माणूस कसं विचारेल. पण आई, मी तेव्हा नुकतंच शिकले होते की अशी कावीळ शेवटी मेंदूपर्यंत पोचते, आणि मग समोर कोण बसलं आहे, हातात कोणाचा हात आहे, हे त्या माणसाला कळत नाही. ज्या शिक्षणासाठी मी तुला सोडून गेले त्यानं मला एवढं एक नक्की शिकवलं. मी कप खाली ठेवला आणि तिला म्हणाले, तू आता घरी जा, तुलाही झोप हवी असेल. ती गेली. तिनं तुझी मोरपंखी साडी घडी करून पलंगाच्या कडेला ठेवली होती, मला हवी असली तर म्हणून.

पुढचं थोडक्यात सांगते. मी परत गेले, शिक्षण पुरं केलं. इथे आल्यावर परदेशातून शिकून आलेल्यांना जी परीक्षा द्यावी लागते त्यात दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा सुटले. तोवर पुणं बदललं होतं. पौड रोडवर सकाळी कंपन्यांच्या बसची रांग लागायची, हिंजवडीला जाणारी मुलं कानात वायर घालून उभी असायची. त्यांच्यातलेच माझे पेशंट झाले. तिशीतलं ब्लडप्रेशर, पाठदुखी, झोप नाही. मी कोथरूडमध्येच जनरल प्रॅक्टिस करते. बाळंतपणं करत नाही. ते मी शिकले, हातही चांगला होता म्हणे, पण त्या खोलीत गेलं की तू दिसायचीस. रक्ताची सवय झाली. कामाचीही झाली, आणि एक दिवस लक्षात आलं की मला ते आवडतं. कधीपासून, ते सांगता येणार नाही. ज्या कारणानं गेले ते कारण काही चांगलं नव्हतं, पण पेशंट ते विचारत नाहीत, फार तर विचारतात की डिग्री कुठली. मी 'बाहेरची' म्हणते. मॅडमचं प्रसूतिगृह बंद झालं, तिथे आता प्रवेश परीक्षांचा क्लास आहे, जिन्यापर्यंत मुलांच्या चपला पडलेल्या असतात. माझा एप्रन बघून उठून उभं राहणारी माणसं पुष्कळ आहेत. मला दरवेळी त्यांना खाली बसवावं लागतं.

ती अमेरिकेत स्थायिक झाली. मॅडमही गेल्या, वर्ष होईल. मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता. तिनं तिथल्या घरात एका भिंतीवर आपल्या माणसांचे फोटो लावायला घेतले आहेत. "मावशीचा माझ्याकडे एकही नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडे आमच्या दवाखान्यातला एखादा असेल? मोबाइलवर पाठवलास तरी चालेल."

आहे. तू गेल्यावर तुझ्या पर्समध्ये सापडला होता. गच्चीवर काढलेला, रंग पिवळट झालेला. तिनं तुझी सिस्टरची टोपी घातली आहे, ती तिच्या नाकापर्यंत आली आहे, आणि तू तिच्या शेजारी उकिडवी बसून एवढी हसते आहेस की तुझे दात दिसताहेत. घरच्या एकाही फोटोत तुझे दात दिसत नाहीत. मी ते सगळे काढून पाहिले आहेत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मी त्याच फोटोच्या पाकिटात घालून ठेवणार आहे. तिला मी म्हणाले की दवाखान्यातला एकही फोटो नाही. सापडला तर पाठवते, असंसुद्धा म्हणाले नाही.